बनामावशीची बिडाची डिस्क

मोटरसायकलच्या ब्रेकची डिस्क चकचकीतच हवी असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतो. माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या उद्यमनगरला ठाऊक आहे. बायको, रूपाली, म्हणते, "अहो, जरा गोड बोलत जा." ब्रेकच्या बाबतीत मला गोड बोलता येत नाही. पण कसबा बावड्याच्या बनामावशी आल्या की माझा आवाज आपोआप खाली येतो.

मावशी साठीला टेकलेल्या. अंगावर काष्ट्याचं लुगडं आणि बुडाखाली दोन हजार सालाच्या सुमाराची मोटरसायकल. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागं नवरा, जोतीरामकाका. गाडी मूळची काकांची. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा घरात गाडी विकायची बोलणी चालली होती. तर या बाईनं पन्नाशी उलटल्यावर मळ्याच्या वाटेवर गाडी शिकून घेतली. शिकवली कुणी? काकांनीच! मागं बसून, इंजिनाच्या आवाजावर. "आता क्लच धर. आता टाक दुसरा." जाकिटं घालून घाटात फोटो काढणारे रायडर माझ्याकडं रोज येतात. या दोघांपुढं ते सगळे किरकोळ.

यंदा श्रावणात त्या आल्या तेव्हा त्यांचा मुलगा राजवीरही बरोबर होता. साखर कारखान्यात नोकरीला आहे, शांत पोरगा.

"आईची बोटं धरल्यात," तो म्हणाला. "ब्रेक दाबवंना झालाय. परवा म्हशीवर जाता जाता वाचली. ब्रेक नीट लागला तर ठीक, न्हायतर किल्ली मी काढून घेणार."

संधिवातानं सुजलेली बोटं मावशींनी पदराखाली घेतली. ते पाहून मला त्या पोराचा राग आला आणि त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच आला.

जुनी डिस्क झिजून पातळ झाली होती. मी काउंटरवर माल मांडला. स्टेनलेसची डिस्क गंजत नाही, दिसतेही झकास. पण पावसात मऊ पॅड तिच्यावर पहिल्या दाबाला नीट पकड घेत नाहीत. सिंटर्ड म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड लावले तर पकड येते, पण दाब जरा जास्त लागतो. म्हणून तिच्या शेजारी मी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, डिस्क ठेवली. शिरोलीच्या फौंड्रीत ओतलेली, आमच्याच गल्लीत लेथवर कातलेली, करड्या रंगाची. दिसायला काही नाही. पण बीड आणि मऊ पॅड यांची जोडी हलक्या दाबालाही धरते. खोड एकच, रात्रभर दमट हवेत राहिली की वर तांबूस गंज चढतो.

मावशींनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. मग उजव्या हाताची दोन बोटं वर केली. "हेवढीच चालत्यात. ह्या दोघांचं कुठली ऐकंल, त्येवढं सांग."

"बिडाची," मी म्हणालो. "सकाळी पहिला ब्रेक मारला की गंज आपसूक निघतो. तिला काही करायचं नाही."

पुढचे दोन महिने मावशी दोन बोटांनी गाडी थांबवत होत्या. एकदा माझ्या दुकानासमोर मुद्दाम थांबून दाखवली आणि हसल्या. मला कोण आनंद झाला!

दसऱ्याच्या सकाळी राजवीर गाडी ढकलत आला. मागून मावशी, कोपर खरचटलेलं, त्यांचा हात धरून काका. त्यांच्या गल्लीच्या उतारावर ब्रेक लागलाच नव्हता. मागच्या ब्रेकवर कशीबशी आवरत मावशींनी गाडी उसाच्या वाड्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगात घातली होती. दूध सगळं रस्त्यावर.

मी डिस्कवर बोट फिरवलं आणि हुंगलं. गोडं तेल!

"कुठल्या शहाण्यानं लावलं हे?" मी ओरडलो.

"मी," काका म्हणाले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातलं सगळं लोखंड, विळे, कोयता, खुरपी, पुसून तेल लावून पूजेला मांडलेलं. काकांनी गाडीही पुसायला घेतली. दिसत नाही म्हणून सगळं बोटांनी चाचपतात. डिस्कवर गंज खरखरीत लागला. "बिडाचा तवाबी धुतला की तेल लावून ठेवत्यात न्हवं?" ते म्हणाले. "म्हटलं, हिची गाडी हाय, गंजाय नगं." मग ते पोराच्या दिशेनं वळले. "राज्या, किल्ली ठेव तुझ्याकडं. मी घरात बसतो."

राजवीरनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "बास झालं आता, आई."

"थांब," मावशी म्हणाल्या. "दूध न्यायला टेम्पो दारात येतोय, वरीस झालं. दुधापायी कुणाला गाडी पायजे?"

राजवीरनं गाडीच्या रिकाम्या किटल्यांकडं पाहिलं.

"मी गाडी सोडली तर ह्ये दिवसभर पडवीत भिताडाला टेकून बसणार. सकाळी ह्यास्नी वारं लागतंय. वाटंवर लोक हाका मारत्यात, ह्ये आवाजावरनं नाव सांगत्यात. ते बंद करू व्हय? मला झेपतंय तवर न्हाय करणार."

मी पाना हातात घेतला. तेल प्यालेले पॅड फेकले, नवे मऊ पॅड बसवले, डिस्क स्पिरिटनं धुतली. "मावशी, स्टेनलेस लावू? तिला गंज येत नाही, पुन्हा हा घोळ नको."

"माझ्या बोटांचं ऐकतीया न्हवं ही? मग हीच ऱ्हाऊ दे." त्यांनी काकांचा हात धरून डिस्कवर टेकवला. "ह्येला तेल न्हाय लावायचं. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले.

राजवीरनं मूठ उघडली, तशी मावशींनी किल्ली घेतली. नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून त्या एकट्याच गल्लीत वर-खाली गेल्या, ब्रेक दाबत, सोडत, दाबत. मग येऊन काकांजवळ थांबल्या. काका मागं सरकले.

"मी न्हाय बसत. माझ्या हातनं तू मेली असतीस."

"तुमीबी मागंच हुतासा की. येकट्यानं न्हवतं जायाचं मला." मावशींनी इंजिन बंद केलं. "बसा. तुमी बसल्याबिगर ही गाडी हालायची न्हाय."

काका तसेच उभे. राजवीर पुढं झाला. मला वाटलं, किल्ली काढून घेतोय. त्यानं बापाचा हात धरून आईच्या खांद्यावर ठेवला, त्यांना मागं बसवलं आणि खाली वाकून त्यांचा पाय फूटरेस्टवर नीट टेकवला.

"सावकाश जावा, आई," तो म्हणाला.