मला म्हातारा होऊ देऊ नका

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. जुना म्हणजे आज सकाळचा. हसू नका! मी प्रथिन आहे. निरोगी पेशीत मला घडवतात आणि अर्ध्या तासात मोडतात. पेशीला इजा झाली, तरच मला जास्त जगू देतात. म्हणून माझे म्हातारपण ही आनंदाची बातमी नसते. मोडल्यावर पुन्हा अगदी तसाच घडवतात, म्हणून साऱ्या जन्मांना मी 'मी'च म्हणतो.

सध्या १९६२ साल आहे. माणसांनी मला अजून नावही दिलेले नाही. माझे घर बंगळूरच्या गोजराबाईंच्या गालांत आहे. आनेकलच्या बसने मोगऱ्याच्या टोपल्या येतात आणि बाई बाजारात बसून दुहेरी दोऱ्यात कळ्या गुंफतात. पेशीतही असाच दुपेडी धागा असतो. शरीराचे सारे काम त्यावर लिहिलेले असते.

बाई गालात तंबाखू धरतात. तिच्यातली द्रव्ये धाग्याला चिकटतात. मग एकीच्या दोन होऊ पाहणाऱ्या त्या पेशीला मी थांबवतो आणि धागा दुरुस्त करणाऱ्या कारागीर प्रथिनांना हाक मारतो. ते खराब तुकडा कापतात आणि समोरच्या पेडाकडे पाहून नवा गुंफतात. धागा फारच मोडला असेल, तर त्या पेशीला मी मरायला सांगतो. वाईट वाटते, पण तिची पिल्लावळ वाढत सुटली, तर तोच कॅन्सर.

चाळीस वर्षे निभावले. मग डाव्या गालाला साधे सारही झोंबू लागले.

"गोजराक्का, ती बाजू दमली असेल," शेजारी फुले विकणारी राजलक्ष्मी म्हणाली. "स्वल्प दिवस उजवीकडे धर की!"

"सरी, तसंच करते," बाई म्हणाल्या.

डावीकडे मला विसावा मिळाला. पण उजव्या गालातही मीच होतो! तिथे मी म्हातारा होऊ लागलो. त्यातच एका पेशीत मला घडवण्याचा धाग्यावरचा नमुना बिघडला. तो दोन जागी लिहिलेला असतो. आता एकच चांगला उरला. तोही गेला, तर त्या पेशीला 'थांब' म्हणणारे कुणी नाही.

आज दुपारी नात चंपा दाढ धरून बाजारात आली. सात वर्षांची पोर.

"अज्जी, लई दुखतंय गं!"

"आ कर, माझे बाई." गोजराबाईंनी डबीतून चिमूट काढली. "एवढीशी तंबाखू धर, दाढ बधिर होते. माझ्या आईनं मलाही अशीच दिली होती."

चंपाने तोंड घट्ट मिटले. मग हळूच म्हणाली, "मी पण तुझ्यासारखी सारभात खाताना रडेन?"

बाईंचा हात तिथेच थांबला. मित्रांनो, थांबवण्याचे काम माझे. आज ते चंपाने केले.

बाईंनी चिमूट टाकली, गालातलीही थुंकली आणि खळखळून चूळ भरली. "राजी, दोन लवंगा आण गं. एक हिच्या दाढेला, एक मला."

"का? डबी हरवली?"

"ह्या फौजदारणीनं जप्त केली."

आता संध्याकाळ झाली आहे. कारागीर अजून गुंफत आहेत. ती एकाच नमुन्याची पेशीही आहे. तिच्यावर मी लक्ष ठेवून आहे. मित्रांनो, आम्ही पुष्कळ सांधतो, पण रोजची इजा आमच्याहून चिवट असते. चंपाने विचारले तसे कुणाला तरी विचारा, कुणाचा तरी हात थांबवा. डाव्या गालात मला मोडणारे आलेच आहेत. अर्धाच तास झालाय. किती बरे वाटते!