आठवा फर्मा

मला आकडे लहानपणापासून येत. अक्षरं आली ती चौसष्टाव्या वर्षी. पुस्तकं बांधणाऱ्याचं आकड्यांवर भागतं. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे येतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या पायाशी त्याचा बारीक आकडा असतो. एक, दोन, तीन असे लावायचे, टाके घालायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. अशी हजारो पुस्तकं माझ्या हाताखालून गेली, बरीचशी जाडजूड, जुन्या इतिहासाची. अंगाला कायम खळीचा वास, म्हणून सगळे मला खळकाका म्हणतात.

काम कमी झालं तेव्हा कळलं की ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक निवृत्त बाई म्हाताऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवतात. गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. बाई म्हणाल्या, "काका, पुढं या. मागं बसून दंगा करायचं वय गेलं आपलं."

दोन वर्षांत मी वाचायला लागलो. बोट ठेवून, ओठ हलवत, पण वाचायला लागलो. मग खोडच लागली. बांधायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत करवेना. बायको म्हणायची, "चाळीस वर्षं शिवलीत तेव्हा एवढा वेळ लागत नव्हता."

एकदा मी बाईंना विचारलं, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आमच्यासारख्या दगडांपुढं का डोकं फोडता?"

बाईंनी फळा पुसला, खडू डबीत ठेवला आणि सांगितलं. तरुणपणी त्या एक पुस्तक लिहीत होत्या, आठशे-हजार वर्षांपूर्वी बायका काय काय कामं करत यावर. जुन्या तलावांवरच्या शिलालेखांचा एक संग्रह आहे. त्याच्या याच ग्रंथालयातल्या प्रतीत, एकशे एकोणिसाव्या पानावर, त्यांना एक लेख सापडला. घाटाच्या वाटेनं डोक्यावर ओझं आणणाऱ्या बाईकडून जकात घेऊ नये, अशी राजाची आज्ञा. त्यांनी ती उतरवून घेतली आणि त्यावर अख्खं प्रकरण रचलं. भर सभेत एका मोठ्या पंडितांनी तोच संग्रह उघडला आणि एकशे एकोणिसावं पान मोठ्यानं वाचलं. तिथं होतं, तलावात जाळं टाकून मासे धरू नयेत.

"लोक हसले," बाई म्हणाल्या. "मी धावत ग्रंथालयात आले. इथल्या प्रतीतही मासेच. मग मलाच वाटायला लागलं, आपण मनानं रचलं की काय. त्यानंतर शिकवलं पुष्कळ, लिहिलं काही नाही."

"आणि ते पुस्तक?"

"ट्रंकेत आहे. हस्तलिखित. उंदरांना गोड लागत नाही वाटतं."

त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. पण घरी जाताना ते हसू काही माझ्याबरोबर आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ग्रंथालयाचा माळा साफ झाला. ग्रंथपाल जुन्या, पाठ निघालेल्या पुस्तकांचं एक गाठोडं घेऊन आले. "खळकाका, ही माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी वर टाकलेली. जमतील तेवढी जगवा." तिसरंच पुस्तक निघालं तलावांच्या शिलालेखांचं.

मी टाके उसवले आणि ओळखलं. शेवटच्या टाक्याला एक गाठ पुरते. मी दोन मारतो, पहिल्यापासून. म्हणजे हे माझंच काम होतं.

मग वाचायला बसलो. तीन दिवस तलाव, बांध, पाणी सोडायच्या पाळ्या. एकशे बाराव्या पानापर्यंत सगळं पाणीच पाणी. एकशे तेराव्यावर एकदम बैल, मिठाची पोती, नाके, जकात. मला वाटलं, मधली ओळ चुकली. पुन्हा वाचलं. पुढं सरकलो, आणि एकशे एकोणिसाव्या पानावर ती बाई डोक्यावर ओझं घेऊन उभी.

मी फर्मा उलटून पहिल्या पानाच्या पायाशी बघितलं. आकडा आठ. बरोबर. पण आकड्याशेजारी बारीक अक्षरांत पुस्तकाचं नाव असतं. ते वाचणाऱ्यासाठी नसतं, बांधणाऱ्यासाठी असतं. इतर फर्म्यांवर होतं 'तलाव'. याच्यावर 'नाके', म्हणजे जकातनाक्यांवरच्या लेखांचं दुसरंच पुस्तक.

आठवलं. एकाच छापखान्याची, एकाच कागदाची, एकाच मापाची दोन पुस्तकं त्या वर्षी शेजारी शेजारी रचलेली होती. एका ढिगातला आठ मी दुसऱ्या ढिगात घातला होता. आठाला आठ जुळला, पानांचे आकडेही पुढं बरोबर चालू राहिले. मला दुसरं काही वाचताच येत नव्हतं. या प्रतीची पाठ निघाली तेव्हा ती माळ्यावर गेली आणि फळीवर दुसरी, चांगली बांधलेली आली. सभेतून धावत आलेल्या बाईंनी बघितली ती हीच दुसरी.

दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"मग जा ना सांगायला."

"बाईंचं अर्धं आयुष्य माझ्यामुळं फुकट गेलं, हे कसल्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं बाराखडी म्हणता त्यांच्यापुढं, त्याच."

वर्ग सुटल्यावर मी थांबलो. उसवलेले फर्मे बाईंच्या टेबलावर ठेवले, आठवा वर. "बाई, हे मी वाचून दाखवतो. चुकलो तर सांगा."

मी बोट ठेवून वाचलं. जकात घेऊ नये इथपर्यंत आलो तेव्हा बाईंनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि पुढची ओळ न बघता म्हणून टाकली.

मग मी गाठींचं, ढिगांचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे, बाई. तुमचे डोळे ठीक होते."

त्यांनी ते पान जवळ ओढलं. मी खाली मान घालून उभा, लहान मुलासारखा. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"काका, म्हणजे नाक्यांच्या कुठल्यातरी प्रतीत तो मासेवाला लेख असणार."

"असणारच."

"आणि कुणीतरी बिचाऱ्यानं लिहिलंही असेल, की घाटातल्या जकातनाक्यावर जाळं टाकायला मनाई होती."

मग आम्ही दोघंही असे हसलो, की ग्रंथपाल काय झालं बघायला आत आले.

मी विचारलं, हा फर्मा काढून बरोबरचा शोधून घालू का? बाई म्हणाल्या, "अजिबात नाही. होतं तसं शिवा, दोन गाठींसकट. आणि आत चिठ्ठी चिकटवा, खरं काय झालं त्याची. तुमच्या हातची." ती लिहायला मला पूर्ण सकाळ लागली. ग्रंथपालांनी तिच्यावर शिक्का मारला.

ट्रंकेतलं हस्तलिखित आता टेबलावर आलंय. आठवड्यातून तीन दिवस वर्ग असतो, उरलेले दिवस बाई लिहितात. एखादं पान झालं की मला वाचायला देतात, आणि वाचता वाचता मी अडखळलो तर ते वाक्य सोपं करतात.

नाक्यांची ती दुसरी प्रत अजून सापडलेली नाही. पण माझ्याकडं कुठलंही जुनं पुस्तक बांधायला आलं, की आधी मी आठव्या फर्म्याच्या पायाशी बघतो.