वरात दारासमोर थांबली

आमच्या बुढ्यानं, माह्या नवऱ्यानं, जन्मभर ट्रम्पेट फुंकलं. मूलपासून गडचिरोलीपर्यंत त्याले सारे गुलाब मास्तरच म्हणत. जवानीत बल्लारपूरले रेल्वेच्या एका गार्डाकडून जॅझ शिकला, अन् मंग काय, वरातीत सिनेमाचं गाणं सुरू असलं का त्याच्या मधातच आपलं जॅझ घुसाडे. ढोलवाले थांबून तोंडाकडं पाहत. लोकं वरडत, "मास्तर, सिद्धं वाजवा ना बाप्पा!" पण आयकते कोण! म्हातारपणी छाती बसली, तवा कुठी ट्रम्पेट निकेशच्या हाती देल्लं. निकेश त्याचा चेला.

एक गोष्ट बुढ्याले खपे नाई. मयतीच्या घरासमोरून वरात जाते तं बँड बंद ठेवा लागते, रिवाजच हाये तसा. तो मुकाट बंद करे, पण घरी येऊन धुसफुसे. "मीरे, मी मेलो अन् वरात आली तं वाजू देजो. मले मुक्यानं पोचवू नोको."

"तुमच्या जिभेले काई हाड हाये का नाई?" मी म्हणो.

शेजारच्या दिव्यानीचं लगन होतं त्या दिवशी. बुढा खाटेवर पडून वरातीची वाट पाहून राह्यला होता. शाळेपाशी ट्रम्पेट वाजलं. मी पाण्याचा गिलास घेऊन आली, तं त्याचा हात खाटेखाली लोंबत होता. हलवलं. नाकापाशी बोट धरलं. काईच नाई.

हंबरडा गळ्यापर्यंत आला माह्या. मी गिळला. एक वरडली असती तं बँड तिथीच बंद झाला असता. उठली अन् समोरच्या दाराची कडी लावली.

तेवढ्यात मागच्या दारानं धुरपता आली, माही जाऊ. "चाल वं बाई, नवरदेव पाहाले." खाटेकडं नजर गेली अन् तिनं आ वासला. मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"चूप! वरात जाऊ दे."

ती कचकन चावली मले. मी सोडलं नाई.

वाटलं, जाईन आता वरात पुढं. कायची जाते! निकेशनं आमच्या दारासमोरच थांबवली. मास्तरले आयकवाचं होतं ना त्याले. ढोल बंद, ताशा बंद, एकटं ट्रम्पेट, अन् तेच जॅझ. संपता संपे नाई मेलं. मधात निकेश अडकला, सुटला, वरच्या सुरावर चढला. धुरपताचं धडपडणं थांबलं, तिचे आसवं माह्या बोटांवरून वाहू लागले.

मंग दारावर थाप पडली. "मास्तर, जमलं का?"

मी आवाज सावरला. "मास्तर म्हणते, मधात अडकला तू. पुन्हा वाजव."

बाहेर सारे हासले. मी खाटेच्या कडेले बसली, बुढ्याचा हात उचलून मांडीवर घेतला. पोरानं पहिल्यापासून सुरू केलं.