सहाव्या बोटाचा मान

आमच्या गावदेवीच्या देवळात डाव्या भिंतीवर लाल कावेचे पंजे उठवलेले आहेत. बाहेरगावचा माणूस येतो, ते पंजे बघतो, बोटं मोजतो, पुन्हा मोजतो आणि मग आमच्या तोंडाकडे बघतो. आम्ही म्हणतो, आलाय तर मोजू दे.

प्रत्येक पंजाला सहा बोटं आहेत. करंगळीच्या कडेला एक जास्तीचं, पेराएवढं. हे बोट मालोजीच्या घराण्याचं. ज्याच्या हाताला ते बोट, त्याने शिमग्याच्या दुपारी भिंतीवर हात उठवायचा, आणि संध्याकाळी होळीत पहिला नारळ त्याचा. हे कधीपासून चाललंय असं विचारलं की म्हातारे छपराकडे बघतात, म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र त्यांना पक्की ठाऊक होती. हे बोट पुरुषालाच येतं, बाईला देवी ते देत नाही. हे सांगताना आमच्या गावचे पुरुष आपापल्या पाच बोटांनी मिशा कुरवाळायचे, जसे काही तेच मानकरी.

मी सांगते ते दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचं. रॉकेल अजून रेशनवर मिळत होतं. मालोजीची साठी उलटली होती आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. त्या शिमग्याला त्याने भिंतीवर हात टेकला आणि ठसा उमटला तो कोंबडीने उकरल्यासारखा. पंचांनी एकमेकांकडे बघितलं आणि सांगितलं की पुढच्या शिमग्याला घरातला दुसरा हात आण, नाहीतर मान भावकीत जाईल. भावकीत म्हणजे धाकलूकडे. धाकलू मालोजीचा चुलतभाऊ. त्याला बोटं पाचच, पण भावकीत मालोजीच्या खालोखाल वडील तोच. त्याने त्याच आठवड्यात कर्जतच्या बाजारातून नवा फेटा आणला आणि वर्षभर अंगणात वाळत घातला. फेटा धुतलेला कोणी बघितला नाही, वाळताना मात्र सगळ्यांनी बघितला.

मालोजीकडे दुसरा हात नव्हता. मुलगा सहदेव, त्याला पाच. सहदेवाला तीन मुलगे, तिघांनाही पाच पाच. नातू जन्मला की मालोजी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी हात मागायचा, मोजायचा आणि ओटीवर जाऊन बसायचा. तिसऱ्या खेपेला तर त्याने जाहीरच केलं की सुनेच्या माहेरच्यांनी आमचं बोट खाल्लं. सून सासूला हळूच म्हणाली की आमच्या माहेरी सुकटीपलीकडे कोणी काही खात नाही. सासू म्हणजे अंबाबाई. ती हसली नाही की रागावली नाही, चुलीत फुंकर घालत राहिली. अंबाबाई गप्प बसली की समजावं, तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

माघात त्यांची मुलगी सोनाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला भिसेगावात दिली होती. तिचा नवरा पदू कर्जतला सरकारी भातशेतीवर कामाला होता. तिथे साहेब भाताची लग्नं लावतात, हे त्याने आल्या आल्या सांगितलं आणि घरात हसू झालं. पदूला हसण्याचं काही वाटत नसे. जेवता जेवता त्याने सगळं सांगितलं. एका भाताच्या फुलातला नर भाग कात्रीने कापायचा, त्यावर दुसऱ्या भाताचा पराग झाडायचा आणि वर कागदाची पिशवी बांधायची. पिशव्या बांधायचं काम पदूचं. लाल तांदळाचं आणि पांढऱ्या तांदळाचं असं लग्न लावलं की त्या दाण्याच्या रोपाला सगळा लालच तांदूळ धरतो. पांढरा गेला म्हणावं, तर त्याच लालाच्या पुढच्या पिढीत काही रोपं पुन्हा पांढरी निघतात. म्हणजे तो गेलेला नसतो, लपलेला असतो.

"आणि मामा, सायबांनी उलटं बी करून बघितलं," पदू म्हणाला. "लालाला बाप केला तरी लाल, लालाला आय केली तरी लाल. दाना निम्मा आयचा, निम्मा बापाचा. कंच्या बाजूनं आलं त्याला त्याचं काय नाय."

मालोजीने भात कालवत उत्तर दिलं की भाताला कुठे मान असतो. पण वाढणाऱ्या अंबाबाईचा हात मधेच थांबला, आणि जावयाच्या पानात दुप्पट आमटी पडली.

आता जे आम्हा बायकांना ठाऊक होतं ते सांगते. बोट मुलींनाही यायचं. पहिल्यापासून यायचं. पण सहा बोटांची मुलगी कोण करून घेणार? म्हणून डोंगरावरच्या ठाकरवाडीतली सुईण पोर न्हाऊ घालतानाच त्या बोटाच्या मुळाशी काळा दोरा आवळून बांधायची. आठवड्याभरात बोट सुकून गळायचं. उरायचा तो करंगळीच्या कडेला तुरीएवढा उंचवटा. मुलगी मोठी होईपर्यंत त्याला चामखीळ समजायची. ती स्वतः बाळंत झाली की आई तिला खरं सांगायची, आणि ती ते पुढे पोटात ठेवायची. पुरुषांना हे कधी कळलं नाही, कारण आमच्या गावात मुलीची बोटं मोजायची पद्धत नव्हती.

सोनाबाईला मुलगी झाली. ओटीवरून मालोजीने विचारलं काय झालं, आतून सांगितलं मुलगी. बरं म्हणाला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला.

आत ठकी सुईणीने पोरीची मूठ उघडली. सहा. ठकीने सवयीने कनवटीचा दोरा काढला. तिच्या आईने या घराण्यातल्या मुलींना दोरे बांधले, तिने स्वतः सोनाबाईला बांधला. अशा वेळी पोर धरायचं काम अंबाबाईचं असे. या वेळी तिने पोरीचा नाही, ठकीचाच हात धरला.

त्याला कारण होतं. वर्षभर ती रोज पहाटे बघत होती. मालोजी उठायचा, अंगणातल्या ओल्या सारवणावर उजवा हात दाबायचा, ठसा फरपटला की पायाने पुसायचा आणि पुन्हा दाबायचा. बायको बघतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. अंबाबाईला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी आले की तिला झोप लागत नसे.

"ऱ्हाऊ दे दोरा," ती म्हणाली.

ठकी म्हणाली, पोरीचं लगीन कसं व्हायचं? अंबाबाईने तिला विचारलं की आमच्या ह्यांचं झालं ते सहा बोटांनीच ना, का पाहुण्यांनी एक बोट वगळून मुलगी दिली? ठकी हसली आणि दोरा कनवटीला परत गेला. सोनाबाई बाजेवर पडल्या पडल्या आपली करंगळी चाचपत होती. तिला आत्ताच सगळं कळलं होतं. तिने लेकीला जवळ ओढून घेतलं.

बारशाला पदू आला तेव्हा त्यालाही सांगितलं. त्याने लेकीचं बोट उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, हे तर आमच्या शेतावरचंच झालं. शिमग्यापर्यंत बोट कोणाला दिसू नये म्हणून पोरीला लांब बाह्यांचं झबलं शिवलं, बाह्यांची तोंडं दोऱ्याने बंद केली. मालोजी महिनाभर नातीला मांडीवर घेऊन बसायचा, तिला झुलवायचा, तिच्याशी बैलांबद्दल बोलायचा. बाही उघडून बघावी असं त्याला एकदाही वाटलं नाही. बोटाच्या नावाने वर्षभर झुरणारा माणूस, आणि बोट त्याच्या मांडीवर मुतत होतं.

शिमगा आला. दुपारी गाव देवळापुढे जमलं, पुरुष सभामंडपात आणि आम्ही बायका बाहेर पायरीशी. मालोजी जुनाच फेटा बांधून आला होता. मान आपल्या तोंडाने देऊन टाकायचा, कोणी हिसकावला असं व्हायला नको, एवढं त्याने ठरवलं होतं. धाकलू नव्या फेट्यात होता. कावेची परात पुढे आली. धाकलूला बोटं पाचच, तर सहावं कुठून आणणार, हा प्रश्न आम्हाला नव्हता. त्याच्या घराची मागची भिंत आठ दिवस लाल झालेली आम्ही बघत होतो. करंगळी दोनदा टेकवायचा सराव चालला होता.

मालोजी उभा राहिला. माझ्या घरात हात नाही, असं तो म्हणणार एवढ्यात अंबाबाई पायरी चढून आत आली. मागे सोनाबाई, तिच्या उराशी पोर. अंबाबाईने झबल्याची बाही दातांनी उसवली, पोरीचा उजवा हात परातीत बुडवला आणि भिंतीवर टेकवला. पोरीने भोकाड पसरलं. भिंतीवर लाल फुलाएवढा पंजा उठला, सहा बोटांचा.

मग धाकलू पुढे आला. त्याचं म्हणणं असं की एकतर हे बोट पुरुषाचं, मुलीला आलेलं काही खरं नाही, आणि दुसरं म्हणजे पोरगी भिसेगावची.

"पोरगी भिसेगावची हाय, बोट हितलं हाय," अंबाबाई म्हणाली. "आनि पुरुषाचं म्हनता भावजी, तर तुमी तुमच्या जयवंताची बोटं कदी मोजलीत?"

जयवंता धाकलूची मुलगी, चार पोरांची आई, शिमग्याला माहेरी आलेली. ती पायरीशी उभी होती. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि उजवा हात पुढे करून करंगळीची कड दाखवली. सोनाबाईने आपला दाखवला. मग त्या घराण्याच्या लेकी, म्हाताऱ्या आत्यांपासून नव्या बाळंतिणींपर्यंत, एकेक हात पुढे येऊ लागला. सगळ्यांना नव्हतं. कोणाला होतं, तिच्या पाठच्या बहिणीला नव्हतं. पण होतं ते तुरीएवढं होतं आणि एकाच जागी होतं. पुरुष वाकून वाकून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या बहिणींचे हात बघत होते.

हे कोणी केलं, असं पंचांनी विचारलं. देवळाच्या आवाराबाहेर ठकी उभी होती. तिने सांगितलं की दोरा माझा आणि माझ्या आईचा, पण बांध म्हणून तुमच्याच घरातल्यांनी सांगितलं. धाकलूने बायकोकडे बघितलं. ती पदर सारखा करण्यात फार गुंतली होती.

धाकलू हुशार. त्याने लगेच फेटा सावरला आणि बाजू बदलली. असं असेल तर बोट आमच्याही घरात आहे, जयवंताचं वय मोठं, मान तिचा म्हणजे आमचा, असं म्हणायला लागला. घटकाभरापूर्वी मुलीचं बोट खोटं म्हणणारा माणूस मुलीच्या बोटासाठी भांडत होता. पंचही गोंधळले. म्हातारे पुन्हा छपराकडे बघू लागले.

सोडवलं ते जयवंतानेच. तिला बापाचाही राग आला होता आणि आईचाही.

"माजं गळलं, बा," ती म्हणाली. "गळल्या बोटाचा ठसा नाय उठत. तिचा उठलाय."

भिंतीवरचा पंजा तोवर वाळत आला होता. देवीच्या भिंतीवरचा हात पुसायची कोणाची छाती नव्हती. पंचांनी पदूला विचारलं की दर शिमग्याला पोरीला आणशील का. पदूने आणतो म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या होळीचा पहिला नारळ मानकरणीपुढे ठेवला गेला. तो तिच्या डोक्याहून मोठा होता, आणि ती त्याला चाटायला बघत होती.

मालोजीने नात मांडीवर घेतली आणि तिचा कावेने माखलेला हात आपल्या थरथरत्या हातात धरून बोटं मोजली. सहा झाली. त्याचा चेहरा उजळला, त्याला हसूही आलं. मग त्याने नात अंबाबाईकडे दिली आणि सोनाबाईचा हात ओढून घेतला. करंगळीच्या कडेचा तो उंचवटा अंगठ्याने दाबून बघितला. वीस वर्षं ती त्याच्या घरात वाढली होती, या हाताने तिने त्याला भाकऱ्या वाढल्या होत्या.

"दुकलं व्हतं का गं?" त्याने विचारलं.

"मला काय ठावं, बा," सोनाबाई म्हणाली. "मी एक दिसाची व्हते. आयेला इचार."

मालोजीने अंबाबाईकडे बघितलं. ती पोरीचा हात पदराने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"तिला नाय दुकलं," ती म्हणाली. "मी धरली व्हती ना. मला दुकलं."