सहा वर्षांचं पाणी

जग शुक्रवारी संपलं असतं, तर त्यात कॉर्नेलियस यांत्सेनचा फायदाच होता. एक तर पुढच्या वसंतात मोठ्या कालव्यातला गाळ उपसायची बारा दिवसांची पाळी चुकली असती. दुसरं म्हणजे, मेव्हण्याला कबूल केलेलं कपाट करावं लागलं नसतं. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं: सहा वर्षं चोरलेलं पाणी फुकटात धुऊन निघालं असतं.

कॉर्नेलियस सुतार होता आणि मापाला पक्का होता. मध्य आशियातल्या खिवाच्या खानानं या प्रार्थनेकरी जर्मनांना जी जमीन दिली, तिच्यात त्याचा आणि सारा पेनरचा तुकडा एकाच पाटावर आला. शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंतचं पाणी कॉर्नेलियसचं, दुपारपासून सूर्य मावळेपर्यंतचं साराचं. दोघांच्या मधे एक बांध. त्या बांधाच्या पोटात कॉर्नेलियसनं तुतीचा एक पोकळ ओंडका पुरला होता. त्याला लोकरीचा जाड नमदा गुंडाळलेलं बूच होतं, आणि साराची पाळी सुरू झाली की ते बूच निघायचं. तिच्या पाण्यातला तिसरा हिस्सा गुपचूप याच्या चाळीस जर्दाळूंना जायचा. साराची खरबुजं मुठीएवढी राहत. ती विधवा. नवरा गेल्यापासून आपल्या हाताला यश नाही, असं ती म्हणायची. कॉर्नेलियस बांधावर उभा राहून तिची समजूत घालायचा, "वहिनी, हाताचा दोष नाही. मातीच खारट आहे."

या मंडळींनी व्होल्गाकाठची भरली घरं सोडून इथवर उंटांवरून यायचं कारणच मुळी शेवटच्या दिवसाची वाट पाहणं हे होतं. मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, इस्ब्रांड तेव्स यांनी प्रार्थनाघराच्या दारामागे खुणांची यादी ठेवली होती. टोळधाड येऊन गेली होती, जमीन हादरली होती, लढायांच्या बातम्या तर दर बाजाराला येत. चंद्रही एकदा तांबडा झाला होता. राहिलं होतं ते अंजिराचं झाड; त्याला पालवी फुटली की शेवट दाराशी आला, असं शास्त्रात लिहिलं होतं.

इथल्या थंडीत अंजीर उघड्यावर जगत नाही. हिवाळ्याआधी फांद्या वाकवून मातीखाली पुरायच्या, आणि वसंत लागला की उकरायच्या. त्या साली कॉर्नेलियसकडे दारांचं काम आलं आणि त्याचं अंजीर उकरायचं तीन आठवडे लांबलं. शेवटी त्याच्या बायकोनं, लेनानं, माती बाजूला केली, तर आत बोटभर लांब, फिकट पिवळी पालवी! तिनं किंकाळी फोडली. वडील इस्ब्रांड धावत आले आणि त्यांनी टोपी काढली.

पाण्याच्या पाळ्या वाटणारा जुमानियाज मिराब तेव्हा पाटावर उभा होता. तो कॉर्नेलियसला म्हणाला, "उस्ता, उशिरा उकरलं की मातीच्या उबेनं असंच फुटतं. माझ्या आजोबांच्या गाढवालाही हे माहीत होतं."

गाढवाचं मत यादीत लिहायची पद्धत नव्हती. वडिलांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि जाहीर केलं: येत्या शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आत. ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी काही असेल, त्यानं गुरुवारपर्यंत त्याच्या दाराशी जावं, दोन साक्षीदारांसमोर बोलावं आणि घेतलेलं परत करावं.

मग गल्लीत बाजारापेक्षा जास्त वर्दळ सुरू झाली. एकानं दुसऱ्याची करवत आठ वर्षांनी परत केली. एका बाईनं लग्नाआधीच्या प्रेमाची कबुली इतक्या तपशिलानं दिली, की साक्षीदारांना बसायला खुर्च्या आणाव्या लागल्या. लेनानं शेजारणीची चाळण नेऊन दिली. तिच्याकडे दुसरं काही निघेना.

कॉर्नेलियसनं मात्र बसून विचार केला. न बोलावं, तर शुक्रवारी उत्तर द्यायची वेळ येणार. बोलावं, तर वडील भरपाई मागणार. पाण्याची भरपाई पाण्यानंच करायची, म्हणजे ती पुढच्या पाळीपासून, शनिवारपासून. आणि शनिवार तर शुक्रवारच्या पलीकडे! इतका बिनफटीचा सांधा त्याला सबंध सुतारकामात कधी साधला नव्हता.

गुरुवारी दुपारी तो साराच्या दाराशी गेला. एक साक्षीदार वडील इस्ब्रांड, दुसरी लेना. साक्ष कशाची द्यायची आहे, हे लेनाला तिथंच कळलं.

साराचे हात पिठात होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि मला म्हणायचास, माती खारट आहे."

"हो, वहिनी."

"मी लेंडखत वाहून वाहून कंबर मोडून घेतली, कॉर्नेलियस. तू बांधावरून बघत होतास."

"एकदा टोपलीला हात लावला होता," कॉर्नेलियस पुटपुटला.

"तोंड मीट," लेना म्हणाली.

वडिलांनी विचारलं, "बंधू, परत काय देतोस?"

द्यायचा होता तिसरा हिस्सा. पण जे द्यावंच लागणार नाही, ते कमी कशाला द्यायचं? कॉर्नेलियसनं दोन्ही हात पसरले. "तिसरा हिस्सा कसला! माझी सगळी पाळी घ्या, वहिनी. सहा वर्षं!"

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. सारानं हात झटकले.

"शनिवारपासून?"

"शनिवारपासून."

"हो म्हणतोस?"

"हो."

ही माणसं शपथ घेत नाहीत. धर्मात बसत नाही. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. खिवाच्या बाजारात लोक यांना हसतात, पण त्या एका 'हो'वर कागदाशिवाय पोतंभर गहू देतात.

शुक्रवारी सगळे पांढरे कपडे घालून पूर्वेच्या माळावर जमले. चुली पेटवल्या नव्हत्या, भाकरी भाजली नव्हती. गाणी झाली, प्रार्थना झाल्या, ऊन चढलं. सारा फावडं घेऊन आली होती.

"वहिनी, आज फावडं कशाला?" कॉर्नेलियसनं हळूच विचारलं.

"प्रभू आला तर इथंच टाकते. नाही आला तर उद्या शोधत बसायला नको."

दुपारनंतर मुलं भुकेनं रडू लागली. जुमानियाज गाढवावरून गेला. जाताना त्यानं अदबीनं विचारलं, "पाहुणे आले नाहीत का अजून?" मग सूर्य मावळला. वडील इस्ब्रांड म्हणाले की खुणा बरोबर आहेत, आकडेमोड चुकली, पुन्हा करून बघतो. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता घरी गेली. इतक्या कबुल्यांनंतर कुणाच्या तोंडाकडे बघायची सोयच राहिली नव्हती.

शनिवारी सकाळी कॉर्नेलियस पाटावर गेला, तर पाटाच्या तोंडाची फळी आधीच उचललेली आणि पाणी साराच्या शेताकडे वळलेलं. तो तसाच वडिलांकडे गेला.

"वडील, मी बोललो ते शेवटच्या दिवसाच्या हिशेबानं. दिवसच आला नाही, तर बोलणं कसं लागू होतं?"

वडिलांनी यादीवरून मान वर केली. "बंधू, तू बोललास तेव्हा शुक्रवारी जग संपणार यावर तुझा विश्वास होता?"

"होता तर!"

"म्हणजे जे द्यावं लागणार नाही हे ठाऊक होतं, ते तू देऊ केलंस. प्रभूला फसवायला निघालास."

कॉर्नेलियसनं घाईनं दुसरं दार धरलं. "तसं पाहिलं तर... पुरता विश्वास नव्हता."

"मग इतकी वर्षं प्रभुभोजनाला काय म्हणून बसलास?"

कॉर्नेलियस तिसरं दार शोधू लागला.

"तिसरी वाट एकच आहे," वडील म्हणाले, "तू मनापासून बोललास. तसं असेल तर दे आणि मंडळीत राहा."

परतताना तो साराच्या बांधाशी थांबला. "वहिनी, घेतला होता तिसराच हिस्सा."

"तेवढंच म्हणाला असतास तर तेवढंच घेतलं असतं." तिनं फावड्यानं ओलं ढेकूळ फोडलं. "सगळं तू म्हणालास. मी फक्त कधीपासून ते विचारलं."

लेनाला त्यानं सांगितलं तेव्हा तिनं जर्दाळूच्या रांगांकडे पाहिलं. त्यांच्या बिया तिनं रुमालात बांधून बुखाऱ्याहून आणल्या होत्या.

"मला विचारलं होतंस?"

"साक्षीला तूच होतीस की."

"साक्षीला होते, कॉर्नेलियस. चोरीला नव्हते."

त्या उन्हाळ्याचा ताळा असा. वडील इस्ब्रांड यांची एक तारीख गेली, दुसरी मिळाली. मंडळीचा एक दिवस उपास पडला. साराची खरबुजं डोक्याएवढी झाली, दोन तिनं कुंपणावरून देऊ केली, आणि लेनानं ती घेतली. चाळीसांपैकी बारा झाडं वाळली. उरलेल्या अठ्ठाविसांना मोठ्या कालव्यावरून कावडीनं पाणी घालावं लागलं. कॉर्नेलियसच्या दिवसाला दहा खेपा, पण पुढं त्याची पाठ धरली आणि कशाबशा चार उरल्या. लेनाच्या सोळा. त्याची पाठ धरल्यावर बावीस.