भेटीची वेळ वगळून

गल्लीत सगळे त्याला हवावाला म्हणत. सुरुवातीला एकदोघे सायकलचं बसलेलं चाक घेऊनही आले होते. हवा भरणं वेगळं आणि हवा मोजणं वेगळं, हे त्याने त्यांना दारातच उभ्या उभ्या समजावलं. चाक मात्र काही भरून मिळालं नाही. शहरातल्या चौकाचौकांतली हवा मोजणारी यंत्रं धड चालू ठेवणं हे त्याचं काम होतं. त्या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्याचं स्वतःचंच मत होतं.

यंत्र म्हणजे एक मोठी पेटी, वर नळी आणि नळीच्या टोकाला टोपी. आतला पंप हवा ओढतो, जाड धूळ टोपीत अडकते आणि बारीक धूळ आत जाऊन मोजली जाते. मोजायची ती हीच, कारण ती नाकात अडत नाही, सरळ फुफ्फुसात उतरते. टोप्या भरल्या की झाडाव्या लागतात. कचेरीतली कार्यशाळा लवकर बंद होई, म्हणून हा पठ्ठ्या टोप्या पिशवीत भरून घरी आणायचा आणि संध्याकाळी बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून ब्रशने झाडत बसायचा. काम कुजवलेलं त्याला खपत नसे. शेजारी त्याला चिकटून त्याची मुलगी टिल्ली बसलेली असायची.

या धंद्यात एक नियम आहे. यंत्राशी माणूस गेला की त्याच्या कपड्यांची, गाडीची धूळ आत जाते आणि आकडे फुगतात. म्हणून यंत्रवाला तिथे पोचल्यापासून निघेपर्यंतचे आकडे खोडून टाकायचे. त्याला भेटीची वेळ म्हणतात. ती वगळणं हवावाल्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याला त्याचा विचारही करावा लागत नसे.

टिल्लीला खोकला होता. साधा नव्हे, बरगड्या आत ओढणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातच काहीतरी आहे, शोधा. नाही सापडलं तर वर्षभर दुसरीकडे ठेवा." आत्या एका पायावर तयार होती. मागे टिल्ली तिच्याकडे राहिली, तेव्हा एकदाही खोकली नव्हती. आत्याचं घर शहरातल्या सगळ्यात धुळकट चौकात होतं आणि त्या चौकातलं यंत्र हवावाल्याच्याच ताब्यात होतं. "हवापालट झाला की बरं वाटतंच," असं म्हणून त्याने तो प्रश्न निकालात काढला.

बायकोला मात्र मुलगी लांब पाठवायच्या नुसत्या कल्पनेने रडू येई. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, दुसऱ्यांच्या मुलांची खोकल्याची औषधं देता देता तिचा जीव घरी अडकलेला असायचा. नव्या शाळेत नाव घालायचं की नाही, हे महिन्याभरात ठरवायचं होतं.

मग हवावाल्याने साहेबांना विचारून डब्याएवढं एक यंत्र घरी आणलं, बैठकीतल्या फळीवर ठेवलं आणि जाहीर केलं, "मोजणी चालू असताना कुणी जवळ जायचं नाही." टिल्लीला तेवढंच पाहिजे होतं. कोणी फळीकडे वळलं की ती हात पसरून आडवी यायची. "मोजणी चालू!"

आठवड्याने आलेख निघाला. दिवसभर रेघ शहाण्यासारखी खाली पडून होती, फक्त सकाळी तिला एक छोटं टेंगूळ आलं होतं. सकाळी खालच्या मजल्यावर सुतारकाका लाकूड घासत. हवावाला कागद घेऊन तडक खाली उतरला.

"हे बघा, काका. ही तुमची धूळ."

काकांनी चष्मा लावून टेंगूळ बघितलं. "एवढीशी?"

"एवढीशीच फुफ्फुसात जाते!"

काका भांडले नाहीत. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि त्या उकाड्यात घाम पुसत लाकूड घासू लागले. पुढच्या आलेखात टेंगूळ गेलं. खोकला गेला नाही.

रविवारी बायको आत्याकडे न्यायचे कपडे घडी करत होती. घडी करता करता तिची नजर टेबलावरच्या आलेखाकडे गेली.

"अहो, इथे रोज रेघ तुटलीय. का?"

"ती संध्याकाळ. मी जवळ असतो ना, ते धरायचं नसतं."

"का धरायचं नसतं?"

"माझी धूळ असते त्यात." तो हसला. "हवेची नव्हे."

बायकोने हातातला फ्रॉक खाली ठेवला. "टिल्ली तेव्हाच खोकते. भाजी फोडणीला टाकली की मी कान देऊन असते. तुम्ही आलात, पसारा मांडलात, की थोड्या वेळाने सुरू होतं."

तो उठून टेबलाशी गेला. मग त्याने संगणक उघडला आणि खोडलेले आकडे परत आलेखात घातले. तुटलेली रेघ जुळली आणि रोजच्या संध्याकाळी एक उभा सुळका वर चढला, आत्याच्या चौकातल्या यंत्रानेही कधी दाखवला नव्हता इतका उंच. साऱ्या चौकांची धूळ तो पिशवीत भरून घरी आणत होता, पोरीला शेजारी बसवून झाडत होता आणि मग आपल्याच हाताने त्याची नोंद खोडत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने घडी केलेले कपडे उचलून कपाटात परत ठेवले.

तो खाली जाऊन सुतारकाकांच्या खिडक्या स्वतः उघडून आला. काकांनी त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी टोप्या कचेरीतच राहिल्या. जाकीट त्याने जिन्यात काढून पिशवीत बांधलं. तरी केसांत, शर्टावर रस्ता होताच. दार उघडताच टिल्ली नेहमीसारखी धावत आली आणि त्याने हात आडवा केला.

"थांब. जवळ येऊ नकोस."

आजवर त्याने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. ती जागच्या जागी थबकली. तिचा चेहरा उतरला. त्याच्याकडे, मग फळीकडे बघत तिने विचारलं, "मोजणी चालू आहे?"

"हो."

"कुणाची?"

"माझी," तो म्हणाला.

टिल्लीला नियम पाठ होता. ती दोन पावलं मागे सरली, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली तशी तिलाही हात पसरून अडवलं आणि बाबा आंघोळ करून येईपर्यंत तिथेच पहारा देत उभी राहिली.