पेंटरच्या मरणाला चारशे बदाम

ताईच्या शिवणाच्या दुकानात भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यात गिऱ्हाईक एकही नव्हतं. कापडं कापायच्या टेबलावर फोन उभा केलेला, भोवती औषधवाला, इस्त्रीवाली, शिकवणीच्या बाई, सगळे श्वास रोखून उभे. फोनमध्ये संवादगुरू. 'सोशल मीडियावर प्रभावी बोला', ऑनलाइन कोर्स, आठवडा सहावा.

"बोलू नका, स्पंदा!" गुरू सांगत होता. "शब्द म्हणजे बीज, स्क्रीन म्हणजे माती, मी म्हणजे पाणी! डोळे मिटा. बोट पोस्टवर ठेवा. तीन... दोन... एक... ऊर्जा!"

सगळ्यांनी डोळे मिटले. उघडून बघतात तर ताईने सकाळी टाकलेल्या कोटाच्या फोटोवर लाइकच्या लाल बदामांचा नुसता सडा. शंभर, दोनशे, चारशे!

"बघितलंस?" औषधवाल्याने पेंटरला कोपर मारलं. "याला म्हणतात शक्ती."

पेंटर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या टोप्या उडवायचा. पन्नाशी गाठली तरी खोड गेली नव्हती.

"ताई, बदाम चारशे आले. कोट किती शिवायला आले?"

"तुझं आपलं तेच! आधी नातं, मग धंदा, असं सांगतात ते."

"आणि हे दुकान?"

"सोडणार. सोमवारी मालकाला किल्ली देऊन टाकणार. भिंती म्हणजे बंधन, म्हणाले. जगभर गिऱ्हाईक असताना या खोलीत कशाला कुढत बसू?"

दाजी गेल्यावर याच खोलीच्या जिवावर तिने दोन मुली शिकवल्या होत्या. पेंटरला ती खोली सुटू द्यायची नव्हती. पण ताई भांडणात आजवर कुणाला हार गेली नव्हती.

"मग मलाही घाल की तुझ्या कोर्सात," तो म्हणाला.

ताईला इतका आनंद झाला की तिने स्वतः त्याचं नाव नोंदवलं आणि रीत समजावली. वर्गाआधी आपल्या पोस्टची लिंक गुरूंकडे पाठवायची, त्याला म्हणायचं 'ऊर्जाजोडणी'. मग वर्गात डोळे मिटायचे. बस, एवढंच.

शनिवारी पुन्हा सगळे जमले.

"आज पेंटरदादांची पोस्ट प्रकाशात!" गुरू गरजला. तीन, दोन, एक. चारशे बदामांचा पूर. खाली वाहवा. औषधवाला मोठ्याने वाचू लागला, "'वा! अशीच प्रगती करत राहा!' 'तुमच्यामुळे मलाही प्रेरणा मिळाली!' 'कमाल! अजून येऊ द्या!' अरे पेंटर, लिहिलंस तरी काय एवढं?"

"वाचा की."

औषधवाल्याने चष्मा सारखा केला. "'कळवण्यास अत्यंत दुःख होते की मी, पेंटर, आज सकाळी आठ वाजता वारलो. शिडी विकणे आहे.'"

इस्त्रीवाली फिस्सकन हसली. ताई नाही हसली.

"गुरूंनी वाचलं नसेल रे गडबडीत."

"आणि त्या चारशे जणांनी? माझ्या मरणाचं एकालाही वाईट वाटू नये? बरं, आता दुसरी पोस्ट टाकतो. लिंक पाठवायची नाही. तुम्ही मात्र डोळे घट्ट मिटा."

मिटले. बोटं टेकवली. तीन, दोन, एक. एकही बदाम नाही. पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

"आता लिंक पाठवतो. डोळे उघडे ठेवा आणि गुरूला पोटभर शिव्या द्या."

इस्त्रीवालीने मनापासून दिल्या. चार मिनिटांत चारशे बदाम!

शिकवणीच्या बाईंनी बदाम देणाऱ्यांची खाती उघडून पाहिली. चेहरा नाही, पत्ता नाही, सगळी एकाच आठवड्यात जन्मलेली. तेच 'अशीच प्रगती करत राहा' कुणाच्या हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोखालीही लिहिलेलं.

"खोटी खाती आहेत ही, यंत्रावर चालणारी," पेंटर म्हणाला. "घाऊक विकत मिळतात. आपण लिंक द्यायची, तिकडून बदाम ओततात. ऊर्जा कसली, नळ आहे नुसता."

"पण येतात तर खरे ना!" औषधवाला पुटपुटला.

"ताई, सोमवारी किल्ली देऊ नकोस."

ताई स्टुलावर बसली. "आज सकाळीच दिली. म्हटलं, चांगल्या कामाला सोमवार कशाला? मालकाने लगेच दुसऱ्याशी करारही केला. सामान हलवायला दुसरी किल्ली ठेवलीय, महिनाअखेरीला खोली रिकामी करायचीय."

फोनमध्ये गुरू पुढच्याला स्पंदवत होता. इस्त्रीवालीने हात लांबवून तो बंद केला.

"तुला कधी कळलं रे हे?" ताईने विचारलं.

पेंटरने मान खाली घातली. "बुधवारी. घरी करून बघितलं होतं."

"मग बुधवारी का नाही सांगितलंस?"

खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. भरल्या वर्गात, सगळ्यांसमोर टोपी उडवायची होती. गंमत हवी होती. ते त्याने सांगितलं नाही, पण ताईला कळलं. तिने कात्री, टेप, खडू डब्यात भरायला घेतले.

महिनाअखेरीला पेंटरने शिलाई मशीन स्वतःच्या पाठीवर ताईच्या घरी वाहून नेलं. औषधवाला अजून शनिवारी डोळे मिटतो.

ऑनलाइन शिकण्यात वाईट काहीच नाही. नीट लिहायला, नीट बोलायला जरूर शिका. पण शिकवणारा चमत्कार दाखवायला लागला, की त्यातली एक गोष्ट काढून तेच पुन्हा करून बघा. चार मिनिटांचं काम आहे. आणि जे कळेल ते त्याच दिवशी सांगा. शनिवारची वाट बघू नका.